एका फोटोमागे किती फोटो?



मैदानावर फोटो काढणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, ‘एक चांगला मिळायला किती काढावे लागतात हो?’ विचारणाऱ्याच्या मनात दोन शेरे आधीच तयार असतात. आकडा लहान निघाला तर ‘वा, काय नजर आहे!’ आणि मोठा निघाला तर ‘मग काय, कुणालाही जमेल.’ आज आपल्याला या प्रश्नाचीच जरा झडती घ्यायची आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. कॅमेऱ्याच्या दुकानात आमचं मत कुणी विचारणार नाही. पण या ‘किती’च्या पोटात ‘कुणी काढला’ आणि ‘कधी ठरवलं’ असे दोन प्रश्न लपलेले आहेत, आणि ते आमच्या धंद्यातले आहेत.

आधी एक आकडा घेऊ, कारण तो जगभर गाजला. स्कॉटलंडमधल्या ॲलन मॅकफॅडियन यांनी २०१५ साली खंड्या पक्ष्याचा एक फोटो प्रसिद्ध केला. पक्षी सरळ खाली सूर मारतोय, चोच पाण्याला टेकतेय, आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब चोचीला चोच लावून उभं. वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती अशी : ६ वर्षं, ४,२०० तास, ७,२०,००० फोटो, आणि त्यातून हा एक. सात लाख वीस हजार! लोकांनी तोंडात बोटं घातली. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. ७,२०,००० ला ४,२०० ने भागलं की तासाला १७१ येतात, म्हणजे मिनिटाला साधारण तीन. आजचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो सहज काढतो. त्या हिशेबाने हा माणूस बराचसा वेळ काहीही न करता बसून होता. सात लाख हा आकडा दिपवणारा आहे खरा, पण त्यातून समजत काहीच नाही. समजतं ते ४,२०० या आकड्यातून. वर्षाला ७०० तास एका पाणवठ्यापाशी बसणं म्हणजे काय, हे ज्याने कधी नुसती बसची वाट पाहिली आहे त्यालाही कळेल.

म्हणजे ‘किती’ विचारताना आपण भाजक चुकीचा धरतो. फोटो मोजतो, कारण ते मोजता येतात.

आता क्रिकेटकडे या. तिथे बहुतेकांचा समज असा की, बटण दाबून धरलं की धडाधड फोटो निघतात, त्यात हवा तो क्षण सापडणारच. ज्याला ‘बर्स्ट’ म्हणतात तो. हा समज गणिताने तपासून बघा. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला ३९ मीटर जातो. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा घेतला, तर दोन फोटोंच्या मधल्या वेळात चेंडू जवळपास दोन मीटर पुढे गेलेला असतो. बॅट आणि चेंडू यांची भेट किती वेळ टिकते? साधारण एक हजारांश सेकंद. शटरही तेवढंच उघडं राहतं असं धरू. दर ५० हजारांश सेकंदांनी कॅमेरा एकदा डोळा उघडतो आणि त्याला गाठायची गोष्ट एक-दोन हजारांशांत उरकते. सगळं दैवावर सोडलं तर पंचवीस फटक्यांत एखाद्या वेळी चेंडू बॅटला टेकलेला सापडेल. आणि सापडेल तेव्हा फलंदाजाचे डोळे मिटलेले असतील, किंवा मध्ये पंच आलेले असतील.

कसोटीचा दिवस ९० षटकांचा, म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूला फक्त एक सेकंद बर्स्ट मारला तरी दिवसाअखेर १०,८०० फोटो. जुन्या फिल्मच्या हिशेबात हे छत्तीसचे ३०० रोल होतात. इतके रोल पिशवीत घेऊन कुणी मैदानावर गेला असता तर बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आज तेवढं सगळं बोटाच्या पेराएवढ्या कार्डात मावतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

पण मुद्दा उधळपट्टीचा नाही. ज्या क्षणासाठी हा सगळा मारा चाललाय तो क्षण माऱ्याने मिळत नाही, हा आहे. जुने क्रीडाछायाचित्रकार एकेकच फोटो काढायचे आणि तरी त्यांना चेंडू-बॅट सापडायची, याचं कारण ते तालावर काढत. गोलंदाजाची धाव, उडी, टप्पा, आणि मग बोट. डोळ्याला दिसल्यावर बोट दाबायचं म्हटलं तर मेंदूला पाचवा हिस्सा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चेंडू आठेक मीटर गेलेला असतो. म्हणून दिसण्याच्या आधी दाबावं लागतं. तबलजी समेवर येतो तेव्हा सम ऐकून येत नाही, आधीपासून तिच्याकडे येत असतो. तसंच हे.

इथे कॅमेऱ्यातली एक गंमत सांगायला हवी. आमच्या मते गेल्या शतकात तत्त्वज्ञांना यंत्राने दिलेली ही फार मोठी भेट आहे, आणि तत्त्वज्ञांनी ती फारशी उघडून पाहिलेली नाही. ज्याला एसएलआर म्हणतात त्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका आरशावर पडून तुमच्या डोळ्याकडे येतो. बटण दाबलं की तो आरसा वर उचलला जातो, प्रकाश मागच्या फिल्मवर जातो, आणि तेवढ्या वेळापुरता तुमच्या डोळ्यापुढे अंधार होतो. अर्थ लक्षात घ्या. जो क्षण फिल्मवर उतरला नेमका तेवढाच क्षण छायाचित्रकाराने त्या खिडकीतून पाहिलेला नाही. चेंडू बॅटला लागताना तुम्हाला स्वच्छ दिसला, तर समजा फोटो हुकला. प्रत्यक्ष प्रमाण, प्रत्यक्ष प्रमाण म्हणून आपल्या नैयायिकांनी ज्याचा आधार घेतला, ते इथे फोटो काढणाऱ्यालाच नाकारलंय. त्याच्याजवळ राहतं फक्त अनुमान : आत्तापर्यंत असं असं घडलं, म्हणून आता हे घडत असणार. पुढे फोटो धुऊन आला की ते अनुमान तपासलं जातं. ‘मी पाहिलं म्हणून टिपलं’ हे क्रीडाछायाचित्राबद्दलचं सर्वांत लाडकं वाक्य त्या आरशाने पन्नास-साठ वर्षं खोटं पाडलेलं आहे.

बरं, क्षण सापडला. पण तो कामाचा असतोच का? ‘वापरण्याजोगा’ फोटो म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय एकास किती हे प्रमाण काढताच येत नाही, आणि बहुतेक चर्चा इथेच लंगडते.

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि धावत्या घोड्याची १२ चित्रं घेतली. चारही पाय एकाच वेळी हवेत असतात की नाही, हा वाद त्यांनी मिटवला. असतात, पण चित्रकार दाखवत तसे नाहीत. पुढचे पुढे, मागचे मागे ताणलेले असताना ते हवेत नसतात. पोटाखाली गोळा झालेले असताना असतात. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं, त्यात सगळे घोडे चारही पाय ताणून तरंगताहेत. मायब्रिजच्या पुराव्यानंतर ते चित्र खोटं ठरलं. तेव्हा शिल्पकार रोदाँ यांनी जेरिकोची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, खोटं बोलतो तो फोटो, कारण प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही, आणि थांबवलेला घोडा धावताना दिसतच नाही.

आम्हाला रोदाँचं सगळं पटत नाही. पण मायब्रिजच्या त्या बारा चित्रांतलं एकेक सुटं करून बघा. काहींत घोडा धावतोय, काहींत तो चिखलात अडकल्यासारखा दिसतो. बाराही तितकीच खरी. म्हणजे खरं असणं आणि गती दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. बर्स्टमधले जे फोटो टाकून दिले जातात ते काही चुकलेले नसतात. नीट फोकस झालेले, नीट उजेडातले असतात. त्यांच्यात फक्त खेळ दिसत नाही.

आणि इथे चेंडू-बॅटच्या भक्तांशी आमचा मतभेद आहे. चेंडू बॅटला टेकलेला आहे म्हणून फोटो श्रेष्ठ, असं मानणारे पुष्कळ आहेत. दुर्मीळ आहे म्हणून मोलाचं, हा जवाहिऱ्याचा न्याय झाला, समीक्षकाचा नव्हे. लेसिंग या जर्मन समीक्षकाने १७६६ मध्येच ‘लाओकून’मध्ये विचारलं होतं की, ज्या कलेला एकच क्षण दाखवता येतो तिने कोणता क्षण निवडावा. त्याचं उत्तर : शिखराचा नको. शिखर दाखवलं की बघणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला जागा उरत नाही. शिखराच्या अलीकडचा निवडा.

लेसिंगने क्रिकेट पाहिलं नव्हतं, पण क्रिकेटचा कदाचित सर्वांत प्रसिद्ध फोटो त्याच्या बाजूने साक्ष देतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टर ट्रम्पर पुढे झेपावून ड्राइव्ह मारायला निघालेला. बॅट मागे उंच, पुढचा पाय जमीन सोडून हवेत, आणि फटका अजून लागलेला नाही. जॉर्ज बेल्डम यांनी काढलेला हा फोटो १९०५ सालच्या ‘ग्रेट बॅट्समेन’ या पुस्तकात आला. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळलेले, म्हणजे फलंदाजाचा पाय कधी उचलला जाणार हे अंगाने माहीत असलेले. आणि हा फोटो सामन्यात काढलेला नाही, खास ठरवून काढलेला आहे. काचेची प्लेट, एका वेळी एक. त्या पुस्तकात ६०० फोटो आहेत, आणि शतक उलटून गेल्यावर लोकांच्या ध्यानात राहिला तो प्रामुख्याने हा एक. आता सांगा, प्रमाण काय धरायचं? एकास एक, की एकास सहाशे? आणि जगाने केलेली ती निवड बेल्डमच्या खात्यावर मांडायची की जगाच्या?

एका फोटोत काम फत्ते करणाऱ्यांच्या कथा आपल्याला फार आवडतात. सर्वांत गाजलेली कथा ब्रिस्बेनची. १४ डिसेंबर १९६०, ऑस्ट्रेलिया विरुद्ध वेस्ट इंडिज, कसोटीच्या इतिहासातला पहिला टाय. वेस हॉलचं शेवटचं षटक, तेव्हा ऑस्ट्रेलियात आठ चेंडूंचं षटक असे, आणि सातव्या चेंडूवर जो सोलोमनने बाजूने थेट यष्टी उडवून मेकिफला धावचीत केलं. ‘द एज’च्या रॉन लोविट यांनी तो क्षण टिपला. त्यांच्याजवळ तेव्हा एकच प्लेट उरली होती, अशी हकीकत सांगतात. ती शेवटपर्यंत राखून ठेवली आणि नेमकी तिथे वापरली.

या कथेत लोक धैर्य पाहतात, आणि ते आहेच. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकच प्लेट असणं म्हणजे आधीच्या प्रत्येक चेंडूला ‘नाही’ म्हणणं. त्या षटकात झेल उडाला, तो सुटला, आणखी एक जण धावचीत झाला. त्या त्या वेळी न दाबलेलं बटण हीसुद्धा निवड होती. दहा हजार फोटो काढणाराही नाही म्हणतो, पण तो रात्री हॉटेलच्या खोलीत संगणकासमोर बसून, निकाल माहीत असताना म्हणतो. लोविटने ते निकाल माहीत नसताना म्हटलं. फरक आकड्याचा नाही, अज्ञानात घेतलेल्या निर्णयाचा आहे.

तरीही एका फोटोवाल्यांना देव्हाऱ्यात बसवायला आम्ही तयार नाही. १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या लुइस्टन गावी मोहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची लढत झाली. पहिल्याच फेरीत लिस्टन आडवा, त्याच्यावर ओरडत उभा असलेला अली. हा नील लाइफर यांचा रंगीत फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. लाइफरने छताला मोठे फ्लॅश टांगले होते. एकदा उडाले की पुन्हा भरायला त्यांना काही सेकंद लागत, म्हणून बर्स्टचा प्रश्नच नव्हता. एका क्षणाला एकच. पण त्याच फोटोत अलीच्या दोन पायांमधून पलीकडच्या बाजूला बसलेला एक छायाचित्रकार दिसतो. ते हर्ब शार्फमन, लाइफरहून वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांच्या वाट्याला अलीची पाठ आली. त्यांनी शंभर काढले असते तरी शंभर पाठी मिळाल्या असत्या. शिवाय या फोटोला त्या वेळी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चं मुखपृष्ठसुद्धा मिळालं नाही. थोरवी पुढे काही दशकांनी आली. म्हणजे ‘वापरण्याजोगा’ हे विशेषण तारखेवरही अवलंबून असतं.

आता अगदी अलीकडची गोष्ट, कारण आरशाचे कॅमेरे मागे पडताहेत. नव्या कॅमेऱ्यांत आरसा नाही, अंधार नाही. सोनीने २०२३ च्या नोव्हेंबरात जो ए-९ मार्क ३ जाहीर केला तो सेकंदाला १२० फोटो काढतो. चेंडूच्या भाषेत दोन फोटोंमध्ये ३२ सेंटिमीटर, म्हणजे चार चेंडू एकापुढे एक ठेवून थोडी जागा उरेल. अजूनही क्षण निसटू शकतो, पण पंचविसात एकदा ऐवजी चारात एकदा सापडतो. याहून मोठी गोष्ट ‘प्रीकॅप्चर’ नावाची. बटण अर्धं दाबून ठेवलंत की कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो आणि जुने पुसत राहतो. तुम्ही पूर्ण दाबलंत की तो आधीच्या एक सेकंदापर्यंतचे फोटोही तुमच्या पदरात टाकतो. पक्षी उडाला, तुम्ही दचकलात, दाबलंत. उड्डाण मिळालं.

पाचवा हिस्सा सेकंद उशीर होतो म्हणून माणसाला अंदाज बांधायला शिकावं लागत होतं. ती गरजच संपली. संकल्प आधी आणि कृती नंतर हा क्रम उलटला. मग कर्ता कोण? पाणिनीने कर्त्याची ओळख स्वातंत्र्यावर ठरवली आहे. कुऱ्हाड झाड तोडते असं आपण बोलतो, पण कुऱ्हाड हे साधन. कॅमेऱ्याला कर्ता म्हणायची घाई आम्हाला करायची नाही. कुठे उभं राहायचं, कुणावर रोखायचं, कधीपासून सज्ज राहायचं, हे स्वातंत्र्य माणसाकडेच आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल की निर्णयाचं घर बदललं. ते मैदानावरून टेबलावर आलं. आणि टेबलावर बसून निवडणारा पुष्कळदा फोटो काढणारा नसतोच. फोटो मैदानावरून थेट कचेरीत जातात आणि तिथला संपादक निवडतो. अशा फोटोखाली एकाचंच नाव छापणं कितपत खरं, हा प्रश्न क्रीडापत्रकारितेने स्वतःला विचारायला हवा.

शेवटी त्या न निवडलेल्यांविषयी. आमचा खरा आग्रह या मुद्द्यावर आहे.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं १९५२ सालचं पुस्तक इंग्रजीत ‘द डिसिसिव्ह मोमेंट’ या नावाने आलं, आणि ‘निर्णायक क्षण’ हा जणू धर्म झाला. मूळ फ्रेंच नावाचा रोख निर्णायक वगैरेकडे नाही. घाईत, चोरून, पळता पळता टिपलेली चित्रं असा काहीसा आहे. पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२, हे त्या धर्माचं आराध्यचित्र. ते कुंपणाच्या फटीतून काढलेलं आहे आणि कडेने कापलेलंही आहे. महायुद्धाआधीच्या आपल्या निगेटिव्ह त्यांनी कातरून निवडक ठेवल्या, उरलेल्या टाकल्या. त्या क्षणाचे शेजारी आपल्याला माहीत नाहीत. म्हणून तो एकटाच, दैवी वाटतो.

शेजारी नसल्याने काय होतं ते रॉबर्ट कापा यांच्या फोटोत पाहा. स्पेनचं यादवी युद्ध, १९३६, गोळी लागून कोसळणारा सैनिक. तो खरोखर त्या क्षणी मरत होता की प्रसंग रचलेला होता, यावर दशकानुदशके वाद चालू आहे. मूळ निगेटिव्ह हाती नाही. मेक्सिकोत सापडलेल्या पेट्यांमधून त्या युद्धाच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह परत मिळाल्या, त्यांत ही नव्हती. आधीची दोन आणि नंतरची दोन चित्रं त्याच पट्टीवर मिळाली असती, तर वाद बहुधा एका दुपारी मिटला असता. आज मोठ्या वृत्तछायाचित्र स्पर्धांमध्ये मूळ फाइल किंवा आगचीमागची सलग चित्रं मागतात, ती याचसाठी. आपण ज्याला कचरा म्हणतो तो निवडलेल्या फोटोचा साक्षीदार असतो.

आणि साक्षीदार असून उपयोग काय, कुणी त्याच्याकडे पाहिलंच नाही तर? गॅरी विनोग्रँड हे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चालता चालता फोटो काढणारे अमेरिकन छायाचित्रकार. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. छत्तीसने गुणा, ९०,००० होतात. ते त्यांनी टिपले, पण एकही पाहिला नाही. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या जॉन झारकोव्स्की यांनी ते धुऊन घेतले, १९८८ च्या प्रदर्शनासाठी त्यातून काही निवडले, आणि या शेवटच्या वर्षांतल्या ढिगाबद्दल नाराजीही नोंदवली. आमच्या मते ही नाराजी अस्थानी होती. जे कर्त्याने निवडलं नाही त्यावर कर्त्याचा निकाल कसा लावणार? बेल्डमच्या सहाशेंतून जगाने एक निवडला, पण ते सहाशे आधी बेल्डमने स्वतः पाहून छापायला दिले होते.

विनोग्रँड यांचा तो सगळा संग्रह ॲरिझोनात टक्सनच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीत ठेवलेला आहे, अभ्यासकांना पाहता येतो. आमच्या इथल्या मैदानांवर रोज रात्री जे हजारो फोटो पुसले जातात ते मात्र कुणालाच पाहता येणार नाहीत. निदान छापलेल्या फोटोच्या आगचेमागचे पाच-पाच तरी वर्तमानपत्रांनी जपून ठेवावेत, एवढी आमची मागणी आहे. जागेची अडचण कुणी सांगू नये. ती आता नखाएवढी आहे.

आता प्रश्न घेऊ.